पहिल्या खुर्चीचा खांदा

५ सप्टेंबर १९८८

पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रिम्मा अर्कादियेव्हना, तुमच्या डाव्या खांद्यात दुखणं कमी आणि राग जास्त आहे. थोडे दिवस व्हायोलिन बाजूला ठेवा." मी म्हटलं, व्हायोलिन ठेवली तर राग दुप्पट होईल. "मग निदान कुठेतरी लिहून काढा," त्या म्हणाल्या. औषधाच्या दुकानात मलम संपलं होतं, वही मात्र मिळाली. तेव्हा हे लिखाण म्हणजे मलमच समजायचं.

तर राग कशाचा? ग्लेब इनोकेंतिच जूनमध्ये निवृत्त झाले. माझे केस काळे होते तेव्हापासून आमच्या वाद्यवृंदापुढे त्यांचीच काठी होती आणि त्यांच्या डाव्या हाताला, व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर, मी. आता सगळीकडे निवडणुकांचं वारं आहे. कारखान्यातले कामगार आपला डायरेक्टर निवडतात, मग वादकांनी आपला प्रमुख संचालक का निवडू नये, असं संस्कृती खात्याला वाटलं. कझानहून कोणी तिमूर रशीदविच गबीतोव्ह येणार आहे. डिसेंबरात वाद्यवृंदाच्या वर्धापनाचा मोठा कार्यक्रम होईल आणि त्यानंतर आम्ही गुप्त मतदान करायचं. तो निवडून आला नाही तर खातं आम्हाला ऑपेरा थिएटरमध्ये विलीन करणार. तिथे रंगमंचापुढच्या खड्ड्यात आमच्यातले निम्मेसुद्धा मावायचे नाहीत.

"एकूण काय," आमचे म्हातारे हॉर्नवाले फद्येय कुझ्मिच म्हणाले, "निवडला तर तो आपल्या डोक्यावर, नाही निवडला तर आपण खड्ड्यात."

मला कोणीच नको आहे. हे फक्त इथे लिहिते.

आणखी एक गोष्ट फक्त इथेच लिहिते. ग्लेब इनोकेंतिचना शेवटच्या वर्षांत नीट ऐकू येत नव्हतं. किती कमी येत होतं ते त्यांना स्वतःलाही उमगलं नसावं. मी उमगू दिलं नाही. वादकांनी माझ्याकडे बघायचं, मी श्वास घ्यायचा, खांदा उचलायचा की आवाज यायचा. त्यांची काठी आपली हलत राहायची. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली आणि ते मानाने घरी गेले. माझ्या हातून आयुष्यात एखादं चांगलं काम झालं असेल तर ते हे.

१२ सप्टेंबर

आला. लोकरी स्वेटर, बारीक चण, बगलेत चहाचा थर्मास. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला नाव आणि पितृनाव घेऊन हाक मारत होता, अगदी मागच्या रांगेतल्या ढोलवाल्यालाही. पाठ करून आला होता, तोंडी परीक्षेला बसल्यासारखा. लोक लगेच विरघळले. लोकांना काय लागतं विरघळायला!

वर्धापनाला "आमची" सिंफनी आहे. युद्धात वाद्यवृंद उभा राहिला तो याच सिंफनीने, म्हणून सगळे तिला नुसतं आमची म्हणतात. सुरुवात फक्त तंतुवाद्यांची, इतकी हळू की कुठून आली कळू नये. त्याने काठी खाली आणली, आम्ही आलो, त्याने थांबवलं. पुन्हा आणली, पुन्हा थांबवलं.

"माफ करा," तो म्हणाला, "मी काठी खाली आणतो आणि आवाज नंतर येतो. मधल्या वेळात तो कुठे असतो?"

"रांगेत उभा असतो, तिमूर रशीदविच," मागून फद्येय कुझ्मिच म्हणाले. "आपल्याकडे सगळंच रांगेत मिळतं."

सगळे हसले. तोही हसला. मग मी उठून त्याला समजावून सांगितलं. युद्धातला पहिला हिवाळा, लेनिनग्राडहून हलवलेले वादक, हॉलमध्ये शेगडी नाही. हॉर्न आणि तुताऱ्या इतक्या गारठायच्या की फुंकल्यावर आवाज उशिरा यायचा. तंतुवाले त्यांच्यासाठी थांबायला शिकले. तेव्हापासून आमचा रिवाज आहे, काठी पडली की आधी श्वास, मग स्वर. आमच्या आवाजाला जी खोली आहे म्हणतात ती यातूनच आली. मॉस्कोच्या मोठमोठ्या समीक्षकांनी त्याबद्दल लिहिलं आहे.

मान खाली घालून त्याने सगळं ऐकलं. "फार सुंदर गोष्ट आहे, रिम्मा अर्कादियेव्हना," तो म्हणाला. "पण आता हॉल गरम असतो ना?"

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दुपारपर्यंत खांदा दुखल्याचंही कळलं नाही.

१८ सप्टेंबर

दरवर्षीप्रमाणे वाद्यवृंदाची बस जंगलात कुत्र्याच्या छत्र्या वेचायला गेली. नवा साहेबही आला. त्याची टोपली फद्येय कुझ्मिचनी गवतावर पालथी केली आणि एकेक छत्री उचलून फेकायला लागले.

"तिमूर रशीदविच, हे खाल्लं असतंत तर मतदानाची गरजच उरली नसती."

"तुम्ही मत द्याल का मला?"

"आधी छत्र्या ओळखायला शिका. मग बघू."

नंतर सगळे आडव्या पडलेल्या बर्चच्या खोडावर बसलो. काळा पाव, उकडलेली अंडी, काकड्या, आणि एका बाटलीत लिंबू सरबत असल्याचा बहाणा. तिमूरने विचारलं, "फद्येय कुझ्मिच, तुम्ही त्या हिवाळ्यात होतात?"

"मी एकटाच उरलोय आता. तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं मला."

"हॉर्न खरंच गोठायचे?"

"गोठायचे कसले! कोटाच्या आत छातीशी घेऊन बसायचो, लेकरासारखे. खरी गोष्ट अशी की वीजच नव्हती. संचालकापुढे एक मेणबत्ती, बाकी सगळा अंधार. काठी कोणाला दिसायची? पहिल्या खुर्चीवरचा माणूस मोठ्याने श्वास घ्यायचा. तो ऐकून आम्ही वाजवायचो."

मी म्हटलं, "ग्लेब इनोकेंतिच तर नेहमी गारठ्याचंच सांगायचे."

"ते कुठे होते तेव्हा? ते नंतर आले. गारठ्याची गोष्ट सांगायला जास्त चांगली आहे, एवढंच."

तिमूर माझ्याकडे बघत होता. "म्हणजे पहिल्या खुर्चीकडे बघायची सवय तेव्हापासूनची," तो म्हणाला. त्याची ती नजर मला आवडली नाही. परतताना बसमध्ये तो लारिसाशेजारी बसला. लारिसा माझ्याच स्वरलिपीच्या स्टँडवर, माझ्या शेजारी वाजवते. तिला मीच संगीत विद्यालयातून उचलून आणलं होतं. दोघं शहर येईपर्यंत खिदळत होती.

२ ऑक्टोबर

ग्लेब इनोकेंतिचकडे कोबीचं लोणचं घालायला गेले. एकट्या पुरुषाला एवढा कोबी लागतो कशाला कोण जाणे, पण दरवर्षी त्यांची पत्नी घालायची म्हणून तिच्यामागे मी घालते. नेहमीप्रमाणे त्यांनी मला खिडकीसमोरच्या खुर्चीत, तोंडावर उजेड येईल असं बसवलं. ही त्यांची जुनी सभ्यता, चांगली जागा पाहुण्याला. मी बोलत असताना माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाहीत. असं ऐकून घेणारा माणूस आता सापडायचा नाही.

आधी त्यांनी विचारलं, "खांदा कसा आहे?" त्यांचा पहिला प्रश्न नेहमी हाच.

"आहे जागेवर. तुमच्या त्या कझानच्या पाहुण्यामुळे जास्त दुखतो."

"काय करतो तो?"

"काय करणार! आवाज कुठे असतो विचारतो."

ते हसले. कोबी किसणारा त्यांचा हात थांबला. "चांगला प्रश्न आहे," म्हणाले. मला वाटतं, त्यांनी प्रश्न नीट ऐकला नसावा. मी पुन्हा सांगितलं नाही.

निघताना मफलर बांधता बांधता मी त्यांच्या पाठीमागून हाक मारली, "गाजर कमी पडलंय, उद्या आणते." त्यांनी काही उत्तर दिलं नाही. थकले असतील.

१४ ऑक्टोबर

आज नव्या साहेबाने नवीनच खेळ काढला. आधी स्वतः चौथऱ्यावरून उतरून हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसला. "माझ्याशिवाय वाजवा." आम्ही वाजवलं. अहाहा! सगळे एका श्वासात आले. मी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मग तो परत आला आणि म्हणाला, "आता तुम्ही हॉलमध्ये बसून ऐका, रिम्मा अर्कादियेव्हना."

मी जाऊन बसले. त्याने काठी खाली आणली आणि काय सांगू, नुसता बाजार. चेलो आधी, व्हायोला मागून, लारिसा गज हवेत धरून बसलेली. सगळ्यांच्या माना माझ्या रिकाम्या खुर्चीकडे. दात पडलेल्या जागी जीभ जाते तशा. मला इतका आनंद झाला की मी चक्क टाळी वाजवली.

"बघितलंत?" मी म्हटलं.

"बघितलं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता की राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच चीड आली.

मध्यंतरात तो थर्मास घेऊन माझ्याकडे आला. "चहा घ्या. एक विचारू? तुम्ही आजारी पडलात तर यांचं काय?"

"मी आजारी पडत नाही."

"खांदा?"

"खांद्याची चौकशी करायचा हक्क इथे एकाच माणसाला आहे आणि तो आता घरी बसलाय."

त्याने थर्मासचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाला, "हा वाद्यवृंद माझा नाही, हे मला दिसतंय. पण मला वाटतं तो त्यांचाही नव्हता."

मी चहा न पिता कप तिथेच ठेवला. कालचा पोरगा! ग्लेब इनोकेंतिचनी ज्यांना ज्यांना उभं केलं त्यांच्या पायाचं तीर्थ घ्यायची लायकी नाही, आणि म्हणे त्यांचाही नव्हता.

८ नोव्हेंबर

काल क्रांतिदिनाच्या सुट्टीचा कार्यक्रम बेअरिंग कारखान्याच्या क्लबात झाला. लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

संथ तुकडा होता. मी श्वास घेतला, खांदा उचलला. आणि आवाज दोनदा आला. आधी अर्ध्या लोकांचा, मग माझ्याबरोबर उरलेल्यांचा. तरुण पोरं काठीबरोबर गेली, जुने माझ्याबरोबर. पुढचं सगळं पान तसंच, गाडीची चाकं दोन वाटांनी. कामगारांना बिचाऱ्यांना काय कळणार, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईने मात्र शेजारणीकडे वळून बघितलं. ती मान अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि काठीबरोबर कोण गेलं? लारिसा. माझ्या शेजारी, माझ्याच स्टँडवर बसून.

बसमध्ये मी तिला म्हटलं, "तू कोणाकडे बघत होतीस?"

"संचालकाकडे, रिम्मा अर्कादियेव्हना."

"का?"

ती रडकुंडीला आली. "कारण तो समोर उभा होता."

हे काय उत्तर झालं? तिच्याशी बोलणं बंद.

२० नोव्हेंबर

आज माझ्या स्वयंपाकघरात सभा भरली. तुतारीवाले दोघे, व्हायोलातली मंडळी, चेलोची आमची जाडी तमारा. स्टुलं पुरली नाहीत, एक जण खिडकीच्या कट्ट्यावर बसला. मी जामबरोबर चहा दिला. फद्येय कुझ्मिच आले नव्हते, कंबर धरली म्हणे.

तमाराच बोलली. "सरळ सांगते, रिम्मा. त्याला पाडायचा. आणि खात्याला सांगायचं, आमचा प्रमुख आम्ही आमच्यातूनच निवडला. तू. खुर्चीवर बसूनच चालव. काठीची गरज काय?"

"असं कुठे असतं का?" मी म्हटलं.

"मॉस्कोत होता की तसा एक वाद्यवृंद, विसाव्या सालानंतर. बिनसंचालकाचा."

"मग काय झालं त्याचं?"

"भांडून भांडून संपला," कट्ट्यावरचा म्हणाला. "पण त्यांच्याकडे रिम्मा अर्कादियेव्हना नव्हत्या."

सगळे हसले. मी विचार करते म्हणाले. ते गेल्यावर कप विसळताना लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. वहीशी कशाला खोटं बोलू? मला हवं आहे. नाही तरी आत्तापर्यंत मीच चालवत होते. आता नाव लागेल इतकंच. खातं मानेल का ही धाकधूक आहे, पण सगळे एक झाले तर मानावंच लागेल.

ग्लेब इनोकेंतिचना आधी सांगायला हवं. त्यांचा आशीर्वाद असल्याशिवाय नाही.

२७ नोव्हेंबर

गेले होते. जसं झालं तसं लिहिते.

त्यांनी मला खिडकीसमोर बसवलं. व्होल्गा नदी काठाने गोठायला लागली आहे, खोलीत पांढरा उजेड होता. मी सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते, म्हणजे मला वाटलं ऐकत होते. चष्मा घातला आणि म्हणाले, "चष्मा काढला होता, रिम्मा. पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. सांगता सांगता मनात आलं, ऐकायला चष्मा कशाला लागतो?

"तुला हवंय ते?" त्यांनी विचारलं.

"हवंय."

"आणि खांदा?"

"खांद्याचं काय त्यात?"

"माझ्यामुळे दुखतो तो."

"काहीतरीच काय, ग्लेब इनोकेंतिच."

"रिम्मा, मला शेवटची बरीच वर्षं काहीही ऐकू येत नव्हतं. कमी नाही. काहीही नाही."

मी म्हटलं, मला माहीत होतं. ते म्हणाले, "तुला माहीत होतं हे मला माहीत होतं." आणि मग अगदी साधेपणाने बोलत गेले. "माझा हात खाली यायचा. पण आवाज आला की नाही हे मला कसं कळणार? तुझा खांदा हलायचा. मग मी समजायचो, आला. तो खाली जायचा, समजायचो, आता हळू झालं. सगळे तुझ्या खांद्याकडे बघायचे आणि मीसुद्धा. मी सगळं संगीत तुझ्या खांद्यात ऐकलंय."

"बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस. तू थांबली असतीस तर मला घरी बसावं लागलं असतं. भित्रा होतो. आणि सुखात होतो. दोन्ही."

मग ते म्हणाले, "त्या पोराचे दोन्ही कान शाबूत आहेत. त्याला ओढू नकोस. मला ओढत नेलंस ते माझ्यासाठी केलंस. आता जे करशील ते कोणासाठी?"

मी उठले, कोट घातला. दारात त्यांनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, अगदी अलगद, आणि लगेच काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ट्राममध्ये रडले. इतकी वर्षं वाटायचं की मी त्यांची लाज राखते आहे. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते मला राखू देत होते. माझं त्यांच्यावर प्रेम आहे, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. लिहिलं तर काही आभाळ कोसळलं नाही. कंडक्टर बाईने विचारलं, "काय झालं, बाई?" मी म्हटलं, खांदा दुखतोय.

५ डिसेंबर

तमाराला नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तुला त्या कझानच्या तातार पोराने काय पाजलं?" मी म्हटलं, चहा, आणि तोही मी प्यायले नव्हते.

खांदा हलवायचा नाही, हे ठरवणं सोपं. करून बघा! गज उचलला की तो आपोआप उठतो. कपाळावर माशी बसल्यावर हात जातो तसा. आज पहिल्या तालमीत चार सूर झाले नाहीत तोच उठला आणि सगळा वाद्यवृंद माझ्या मागे.

मध्यंतरात लारिसाला गाठलं. पोरगी मला बघून भिंतीला चिकटली.

"लारिसा, माझं एक काम कर. माझा खांदा उठताना दिसला की गुडघा मार."

"कोणाला?"

"मला! खालून. स्टँडच्या आड."

"रिम्मा अर्कादियेव्हना, मी नाही मारू शकत तुम्हाला."

"तुझ्या मनात कधीपासून असेल. आता परवानगी आहे."

ती आधी घाबरली, मग हसली, मग तिने असा गुडघा मारला की माझा मोजा फाटला. तिच्याशी पुन्हा बोलायला लागले हे वेगळं लिहायला नको.

१२ डिसेंबर

मांडीवर निळे डाग. डॉक्टरीणबाई म्हणतील आता नवीन काय.

वादक कावरेबावरे झाले आहेत. माझ्याकडे बघतात, खांदा गप्प. मग नाइलाजाने वर बघतात, जिथे तो उभा असतो. आज सुरुवात जमली. काठी खाली आणि आवाज तिथेच. आवाजाची खोली कुठे गेली नाही. मला भीती होती की ती जाईल. तिमूर रशीदविचने थांबवलं नाही, पुढे गेला. शेवटी म्हणाला, "आज आवाज वेळेवर आला."

"रांग कमी झाली," फद्येय कुझ्मिच म्हणाले.

जाताना तो माझ्या स्टँडजवळ थांबला. थर्मासचा कप पुढे केला. यावेळी मी प्यायले. फार गोड करतो.

१८ डिसेंबर

काल वर्धापनाचा कार्यक्रम झाला. सकाळी उठून लिहिते आहे, बाहेर हिम पडतं आहे.

ग्लेब इनोकेंतिचना मानाची जागा पहिल्या रांगेत मध्ये दिली होती. त्यांनी ती नाकारून डावीकडच्या सज्जात जागा मागितली. हॉलच्या डायरेक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला गर्दी नको असेल. मलाही तेच वाटलं. काळा कोट, छातीवर पदकं, नवी हजामत. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

तिमूर आला. काठी खाली आली आणि सगळे आले, अंधारातून एकदम. लारिसाचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला, पण मारायची वेळ आली नाही. मी पुतळ्यासारखी बसून वाजवत होते. इतकं चांगलं आम्ही कधी वाजवलं असेल असं मला आठवत नाही. मला फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं.

पहिला भाग अर्धा झाला असेल. पान उलटताना माझी नजर सज्जाकडे गेली. ते कठड्यावर पुढे वाकून बसले होते. काठीकडे बघत नव्हते. माझ्या डाव्या खांद्याकडे बघत होते.

तेव्हा कळलं, ती जागा कशासाठी मागितली होती.

त्यांना वाटलं असेल, अजून सुरूच झालं नाही. किंवा समोर सगळे गज हलत आहेत आणि त्यांच्यापाशी काहीच पोचत नाही. मला फक्त खांदा उचलायचा होता. थोडासा. त्यांना कळलं असतं. पण माझा खांदा उठला असता तर जुने माझ्यामागे आले असते, तरुण काठीमागे गेले असते आणि कारखान्यातल्या क्लबासारखं पुन्हा झालं असतं, मतदानाच्या तीन दिवस आधी, सगळ्या शहरासमोर. मी उचलला नाही. शेवटपर्यंत नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला मी एकटीच काठीच्या मागे राहिले, कारण पान मला नीट दिसत नव्हतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. तिमूरच्या आलं असेल.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सज्जातली खुर्ची रिकामी होती. कोट घेणाऱ्या बाईने सांगितलं, टॅक्सी करून घरी गेले.

२१ डिसेंबर

काल मतदान झालं. तिमूर रशीदविच निवडून आले. थोड्या लोकांनी विरोध केला, तमाराने तर मोठ्याने सांगून केला, मग गुप्त कशाला म्हणायचं. मी बाजूने दिलं. वाद्यवृंद ऑपेरात जाणार नाही. फद्येय कुझ्मिचनी नव्या प्रमुखाला मीठ घातलेल्या छत्र्यांची बरणी दिली आणि म्हणाले, "या मी वेचल्यात, निर्धास्त खा."

मला ते सगळं आनंदाने ऐकता येईना. व्हायोलिनची पेटी घेऊन सरळ ग्लेब इनोकेंतिचकडे गेले. जिना चढले. काय बोलायचं होतं, माफ करा म्हणायचं होतं की का ते विचारायचं होतं, मला माहीत नव्हतं.

त्यांनी दार उघडलं. कोट काढायच्या आत हात धरून खिडकीपाशी नेलं, खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसले.

"मतदानाचं काय झालं?"

"निवडून आले," मी ओठ नीट हलवत म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला मान खाली घालावीशी वाटली. पण मान खाली घातली तर त्यांना माझं बोलणं कळणार नाही, म्हणून तशीच बसले.

"त्या दिवशी मला काहीही ऐकू आलं नाही, रिम्मा," ते म्हणाले. "एक सूरसुद्धा नाही. मी शेवटपर्यंत वाट बघितली असती, पण तुझ्या खांद्याकडे बघवेना. तेव्हा उठलो. जमवलंस तू. फार चांगलं जमवलंस."

त्यांनीच पेटीकडे बोट केलं.

"आता वाजव. आमची. सुरुवातीपासून."

एका व्हायोलिनवर सिंफनी वाजत नसते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी व्हायोलिन काढली, गज घट्ट केला. ते पुढे वाकून बसले. मी श्वास घेतला. इथे लारिसाचा गुडघा नव्हता.